दात्यांपासून दांड्यापर्यंत

जेवणाचा काटा हातात देऊन त्याच्या भागांची नावं विचारली, तर बहुतेकांची गाडी दोन शब्दांवर अडते: पुढे टोकं, मागे दांडा. विळीचं पातं, पाट आणि खवणी आपण वेगवेगळी ओळखतो, कारण विळी घरातली आहे. काट्याशी आपली गाठ बहुधा हॉटेलात, लग्नाच्या बुफेत किंवा नूडल्सच्या बशीपाशी पडते. काम झालं की तो खाली ठेवायचा, त्याच्याकडे निरखून बघायचं कारणच पडत नाही.

ज्यांचं पोट काट्यावर चालतं, त्यांचं तसं नसतं. कटलरीचे कारागीर, जुन्या चांदीचे व्यापारी, हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षक या वीतभर वस्तूचे सात-आठ भाग मानतात आणि प्रत्येकाचं नाव घेऊन बोलतात. या भागांपैकी निव्वळ शोभेसाठी आलेला जवळजवळ एकही नाही. कधी मांसाचा तुकडा गरगर फिरला, कधी वाटाणे गळाले, कधी मान वाकली, कधी फटीत अन्न अडकलं. अशा प्रत्येक तक्रारीनंतर काट्याच्या अंगात थोडा फरक पडत गेला. अमेरिकी अभियंते आणि लेखक हेन्री पेट्रोस्की यांनी 1992 सालच्या ‘द इव्होल्यूशन ऑफ यूजफुल थिंग्ज’ या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण काट्याला दाते कसे आले यावर लिहिलं. उपयोगाच्या वस्तू गरजेपोटी जितक्या बदलतात, त्याहून जास्त त्या आधीच्या वस्तूंच्या उणिवांमुळे बदलतात, असं त्यांचं म्हणणं. काट्याचा एकेक भाग तपासला, की हे म्हणणं पटायला लागतं.

टोकाकडून मागे

काटा टेबलावर असा ठेवा, की टोकं वर वळलेली दिसतील. आता टोकाकडून दांड्याकडे येऊ.

सर्वांत पुढे असतं ते टोक. टोक ज्याच्या शेवटी असतं, तो लांबट भाग म्हणजे दाता. इंग्रजी कारखान्यांत त्याला टाइन म्हणतात, बोलण्यात प्राँगही म्हणतात. मराठीत ‘काटा’ म्हटलं की सबंध वस्तू डोळ्यांपुढे येते, म्हणून या प्रकरणात आपण फणीला असतात तसे ‘दाते’ म्हणू. दोन दात्यांमधली मोकळी जागा म्हणजे फट, तिला स्लॉट म्हणतात. फटी जिथे संपतात आणि सगळे दाते एका पत्र्यात मिसळतात, ती जागा म्हणजे मूळ, अर्थात रूट. काट्याचा खालच्या बाजूचा फुगीर भाग ही त्याची पाठ. दाते आणि मूळ मिळून झालेला पुढचा रुंद भाग मागे जिथे एकदम निमुळता होतो, तिथे काही घडणींत दोन बाजूंना स्पष्ट खांदे असतात. त्यामागचा सर्वांत अरुंद भाग म्हणजे मान, आणि मानेमागे शेवटपर्यंत दांडा.

टोक, दाता, फट, मूळ, पाठ, खांदा, मान आणि दांडा. एवढी नावं हाताशी असली, की काट्याचा इतिहास आणि त्याची प्रत दोन्ही वाचता येतात.

दाते किती असावेत?

युरोपात शेकडो वर्षं लोक स्वतःची सुरी कमरेला बाळगून जेवायला बसत. सुरीने कापायचं, तिच्याच टोकावर तुकडा टोचायचा आणि तोंडात टाकायचा. यात अडचण एक होती. एका टोकावर टोचलेला तुकडा त्या टोकाभोवती फिरतो. मांसाचा मोठा भाग एका सुरीने दाबून दुसरीने कापायला गेलं, तरी तो तसाच फिरतो. दुसरा दाता आला तो ही अडचण मिटवायला. दोन ठिकाणी टोचलेली वस्तू जागच्या जागी राहते. मोठं मांस कापताना धरायचा काटा, ज्याला कार्व्हिंग फोर्क म्हणतात, तो आजही दोनच लांब दात्यांचा असतो, कारण त्याला फक्त धरण्याचं काम करायचं असतं.

ताटावर बसून खाण्यासाठीचा छोटा दोन दात्यांचा काटा बायझंटाइन साम्राज्यातल्या श्रीमंतांकडे होता. तिथली एक राजकन्या व्हेनिसच्या डोजच्या, म्हणजे तिथल्या शासनप्रमुखाच्या, घरात लग्न होऊन आली. तिच्या ऐषारामावर अकराव्या शतकातले इटालियन धर्मगुरू पीटर डेमियन यांनी कडक शब्दांत लिहिलं. ती अन्नाला बोट लावत नाही, नोकरांकडून तुकडे करून घेते आणि सोन्याच्या दोन दात्यांच्या काट्यांनी तोंडात घालते, ही त्यांची एक तक्रार होती. म्हणजे युरोपातल्या लेखनात काटा येतो तो जेवणाचं साधन म्हणून नव्हे, तर चैनीचा पुरावा म्हणून.

पुढे इटलीत काटा रुळला. 1608 साली तिथे हिंडलेल्या टॉमस कॉरिएट या इंग्रज प्रवाशाला त्याचं मोठं नवल वाटलं. 1611 साली छापलेल्या ‘कॉरिएट्स क्रूडिटीज’ या प्रवासवर्णनात त्याने लिहिलं, की इटलीतले लोक एका हातातल्या काट्याने मांस दाबून धरतात आणि दुसऱ्या हातातल्या सुरीने कापतात. सगळ्यांच्या ताटातल्या मांसाला कुणी बोट लावलं तर त्यांना खपत नाही, कारण सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात. कॉरिएट स्वतः काटा वापरू लागला आणि इंग्लंडला परतल्यावर मित्रांच्या थट्टेचा विषय झाला. हाच माणूस पुढे बराचसा प्रवास पायी करत हिंदुस्थानात आला. अजमेरला झरोक्याखाली उभं राहून त्याने जहांगीर बादशहापुढे फारसीत भाषण ठोकलं आणि शंभर रुपये मिळवले. डिसेंबर 1617 मध्ये तो सुरतेत वारला. आपल्या देशबांधवांना काट्याची कहाणी सांगणारा हा गृहस्थ अखेर अशा मुलखात पोहोचला, जिथे बादशहापासून हमालापर्यंत सगळेच हात धुऊन हाताने जेवत होते.

इंग्लंडमधला सर्वांत जुना टिकून राहिलेला चांदीचा जेवणाचा काटा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तो 1632-33 चा. त्यावर मॅनर्स आणि माँटेग्यू या दोन घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत, आणि दाते दोनच.

दोन दाते धरायला उत्तम, उचलायला कुचकामी. मांसाच्या बाजूला वाटाणे किंवा शिजवलेली भाजी असली, की सगळं मधल्या रुंद फटीतून खाली. त्यामुळे मऊ पदार्थ उचलायला सुरीचं रुंद पातं किंवा चमचा लागे. दरम्यान सुरीही बदलत होती. 1669 साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने टेबलावरच्या सुऱ्यांची टोकं बोथट करण्याचा हुकूम काढला. भांडणात सुरी उगारली जाऊ नये हा हेतू. सुरीचं टोक गेलं तसं टोचण्याचं काम पुरतं काट्याकडे आलं, आणि टोचण्याबरोबर उचलणंही त्यानेच करावं अशी अपेक्षा वाढली. मग तिसरा दाता आला, फटी अरुंद झाल्या. अठराव्या शतकात तीन दात्यांचे काटे सर्रास दिसू लागले आणि एकोणिसावं शतक सुरू होता होता चार दात्यांची घडण रूढ झाली.

मग पाच का नाहीत? पाचवा दाता त्याच अंतरावर बसवला, तर काटा तोंडात मावणार नाही. रुंदी तेवढीच ठेवून पाच बसवले, तर फटी इतक्या बारीक होतील, की टोचताना अन्न दात्यांमध्ये शिरण्याऐवजी दाबलं जाईल. शिवाय टोकं वाढतील तसा हाताचा जोर जास्त ठिकाणी वाटला जातो आणि प्रत्येक टोकावर कमी पडतो. चार दात्यांवर टोचणं आणि उचलणं या दोन्हींचा समेट झाला. गोड आणि फळांसाठीचे छोटे काटे मात्र अजूनही बऱ्याचदा तीन दात्यांचे असतात.

टोकाचंही असंच आहे. ते बारीक असलं तर टोचायला कमी जोर लागतो. फार धारदार असलं तर ओठ आणि जीभ धोक्यात. चांगल्या काट्याचा दाता म्हणून मुळाकडून टोकाकडे निमुळता होत जातो, पण अगदी शेवटी किंचित गोल केलेला असतो. बोटाच्या पेरावर टोकं अलगद फिरवून पाहिली, तर ती जाणवली पाहिजेत पण ओरखडता कामा नयेत.

पाठीचा बाक

सुरुवातीचे काटे सरळ होते. सरळ काट्याने तुकडा टोचायचा तर दांडा जवळजवळ उभा धरावा लागतो, आणि हात नजरेच्या आड येतो. दाते पुढे वाकवले, की दांडा तिरपा धरूनही टोकं अन्नात वरून खाली शिरतात आणि कापणाऱ्याला तुकडा दिसत राहतो. हा बाक एकाच वेळी दुसरं कामही करतो. काटा उताणा केला, की आतल्या बाजूला उथळ खोलगट जागा तयार होते आणि भात, वाटाणे, किसलेली भाजी तिच्यावर बसते. टोचणारा आणि उचलणारा असे दोन काटे एकाच अंगात आले ते या बाकामुळे.

काटा धरण्याच्या दोन पद्धतीही याच बाकातून निघतात. युरोपीय रीतीत काटा डाव्या हातात असतो, पाठ वर आणि टोकं खाली. सुरी उजव्या हातातून सुटत नाही. इंग्लंडमधले जुन्या वळणाचे लोक वाटाणेसुद्धा सुरीने दाबून काट्याच्या पाठीवर चढवतात आणि तसेच तोंडात घालतात. अमेरिकी रीतीत आधी कापून घ्यायचं, सुरी खाली ठेवायची, काटा उजव्या हातात घ्यायचा आणि टोकं वर करून खायचं. पहिल्या रीतीत पाठीला महत्त्व, दुसऱ्या रीतीत आतल्या खोलगट बाजूला.

टेबल मांडण्यातही हा फरक दिसतो. फ्रेंच पद्धतीत काटा पालथा, म्हणजे टोकं टेबलाकडे करून मांडत. घराण्याचं चिन्ह दांड्याच्या मागच्या बाजूला कोरलेलं असे आणि पाहुण्यांना ते दिसलं पाहिजे. इंग्रजी पद्धतीत टोकं वर असत, म्हणून चिन्ह पुढच्या बाजूला.

पाठीचा सर्वांत फुगीर बिंदू टेबलावर टेकतो. मुलामा दिलेल्या जुन्या काट्याची झीज म्हणून तिथे आधी दिसते: सगळीकडे चांदीचा पांढरा रंग, आणि पाठीवर नखाएवढा पिवळट डाग. तिथे मुलामा उडालेला असतो आणि आतला धातू डोकावत असतो.

फट आणि मूळ

काटा घडताना सगळ्यांत नाजूक काम असतं फटी पाडण्याचं. कारखान्यात सुरुवात होते ती धातूच्या पट्टीपासून. तिचा कापलेला तुकडा रुळांमधून काढून पुढचं टोक पातळ आणि रुंद केलं जातं, मान आणि दांडा जाड ठेवले जातात. मग ठशाने बाहेरची कड कापतात. या अवस्थेत काटा म्हणजे पुढे पसरट असलेली सपाट पट्टीच असते, दात्यांचा पत्ताही नसतो.

त्यानंतर दुसऱ्या ठशाने फटी पाडतात. फटी थेट पुढच्या कडेपर्यंत कापल्या, तर पुढच्या दाबात दाते एकमेकांपासून फाकतील, वाकडे होतील. म्हणून टोकांपाशी धातूची एक बारीक आडवी पट्टी तशीच ठेवतात. काट्याला तेव्हा फटी असतात, पण टोकं नसतात, चारही दाते पुढून एकत्र बांधलेले असतात. दांड्यावरची नक्षी दाबाखाली उमटेपर्यंत ही पट्टी दात्यांना सांभाळते. मग ती कापून टाकली, की चार टोकं मोकळी होतात. शेवटी घासणं आणि पॉलिश.

याच शेवटच्या टप्प्यावर स्वस्त आणि चांगला काटा वेगळे होतात. पाठ आणि दांडा मोठ्या चाकावर झटपट चकचकीत होतात. फटींच्या आतल्या भिंतींपर्यंत चाक पोहोचत नाही, तिथे वेगळी मेहनत करावी लागते. ती टाळली, की वरून आरशासारखा दिसणारा काटा फटीच्या आत मात्र खरखरीत राहतो. ठशाने कापल्याच्या आडव्या-उभ्या रेषा तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतात, आणि नख फिरवलं तर ते अडतं.

ही खरखर दिसायला वाईट आहेच, पण जेवणाच्या दृष्टीने जास्त वाईट आहे. अंड्याचा बलक, पनीर, मैद्याची ग्रेव्ही हे सगळं प्रथम चिकटतं ते फटीत, आणि सर्वांत शेवटी निघतं ते मुळापासून. हॉटेलात काटे पुसून टेबलावर लावण्याआधी अनुभवी वेटर ते उजेडाकडे धरून मुळाशी नजर टाकतो, ती यासाठी. मूळ गोलाकार कापलेलं असलं, तर कपडा आणि घासणी तिथे पोहोचते. ते चौकोनी कोपऱ्यांचं असलं, तर त्या कोपऱ्यात घाण घर करते. गोल मुळाचा दुसरा फायदा ताकदीचा. वाकवताना धातूवरचा ताण टोकदार कोपऱ्यात साठतो आणि गोलाईत पसरतो. घरी पनीरचा चिवट तुकडा किंवा गोठलेलं आइस्क्रीम काट्याने उपसताना बाहेरचा दाता बाजूला वाकतो, तेव्हा तो मुळापासूनच वाकलेला असतो.

मान का वाकते?

दाता वाकण्याच्या खालोखाल दुसरी नेहमीची तक्रार मानेची. काट्याने दाबताना आपली तर्जनी दांड्यावर पुढे, मानेच्या जवळ टेकलेली असते. टोकांवर अन्नाचा विरोध आणि मागे बोटाचा दाब, या दोन्हींच्या मधला अरुंद भाग म्हणजे मान. सगळा वाक तिथे येतो. म्हणून मान रुंदीला कमी असली तरी जाडीला सर्वांत जास्त असावी लागते. चांगला काटा बाजूने पाहिला, तर मानेपाशी तो जाड दिसतो आणि दात्यांकडे पातळ होत जातो. एकाच जाडीच्या पत्र्यातून कापलेला काटा बाजूने पाहिला, तर टोकापासून शेवटपर्यंत सारखाच दिसतो.

जाडीचं महत्त्व किती, ते एका हिशोबाने कळेल. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली, तर ताठपणा आठपट. आपल्याकडे स्टीलची कटलरी गेजवर विकली जाते, आणि गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. 16 गेज म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर, 14 गेज म्हणजे सुमारे 2 आणि 12 गेज म्हणजे सुमारे 2.6 मिलिमीटर. 16 आणि 12 गेजच्या काट्यांत फरक अवघा एक मिलिमीटरचा, पण बाकी आकार सारखाच असेल तर दुसरा चौपटीहून अधिक ताठ. लग्नाच्या बुफेतला काटा मंचूरियनच्या तुकड्यावरही वाकतो आणि क्लबातला वाकत नाही, याचं कारण एवढंच आहे.

दांड्यावरची ओळख

दांडा हा काट्याचा सर्वांत मोकळा भाग. त्याच्यावर जेवणाचं काम थोडं, म्हणून कारागिराची हौस तिथे फिटते. घडणींची नावंही दांड्यावरूनच पडली. ओल्ड इंग्लिश घडणीचा दांडा साधा असतो आणि शेवटी गोल होऊन रुंदावतो. फिडल घडणीत त्याला सारंगीवजा व्हायोलिनचा बांधा येतो आणि पुढे ठळक खांदे दिसतात. किंग्ज घडण शिंपल्यांच्या आणि पानांच्या उठावदार नक्षीने भरलेली.

जुन्या वस्तूंचे व्यापारी मात्र नक्षीआधी दांडा उलटा करून पाहतात. चांदीच्या इंग्रजी काट्यावर मागे हॉलमार्क असतात. पाऊल उचललेला सिंह म्हणजे हजारात 925 भाग चांदी. बिबट्याचं डोकं लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, आणि शेफील्डचा जुना शिक्का मुकुट. मुंबईच्या चोर बाजारात मिळणाऱ्या जुन्या काट्यांवर यातलं बहुधा काही नसतं. तिथे ‘ई.पी.एन.एस.’ अशी चार अक्षरं दिसतात. निकेल सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा दिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. निकेल सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नसते. हा मुलामा देण्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी 1840 साली घेतलं आणि चांदीसारखी कटलरी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली.

चांदीच्या जुन्या काट्यात आणखी एक खोच असते. शंभर-दीडशे वर्षं बशीवर घासून दाते झिजतात, आणि ते सारखे झिजत नाहीत. विकण्याआधी कुणीतरी ते कापून समान करतं. वरवर काटा ठीक दिसतो, पण दाते आखूड आणि टोकं बोथट झालेली असतात. त्याच घडणीच्या चांगल्या काट्याशेजारी ठेवला, की लबाडी उघडी पडते.

एका कामाला एक काटा

एकोणिसाव्या शतकात, विशेषतः अमेरिकेत, काट्यांची प्रजा बेसुमार वाढली. मासे, कालवं, सॅलड, लोणचं, केक, स्ट्रॉबेरी, सार्डिन, ज्याला त्याला वेगळा काटा. 1920 च्या दशकात अमेरिकेचे तेव्हाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूव्हर यांच्या सूचनेवरून कारखानदारांनी एका घडणीत जास्तीत जास्त 55 प्रकारच्या वस्तू ठेवायचं मान्य केलं. 55 ही मर्यादा घालावी लागली, यावरून आधीची परिस्थिती ओळखावी.

या गर्दीतले टिकून राहिलेले काटे पाहिले, तर प्रत्येकाने एखादाच भाग बदललेला दिसतो. कालवांचा काटा छोटा आणि अरुंद, कारण तो शिंपल्यात शिरला पाहिजे. फाँड्यूच्या काट्याचा दांडा लांबलचक आणि त्याच्या शेवटी वेगवेगळे रंग, म्हणजे एकाच भांड्यात बुडवलेल्या काट्यांतला आपला कुठला ते कळतं. कार्व्हिंग फोर्कला मानेपाशी अनेकदा उभा करता येणारा आडोसा असतो, सुरी निसटली तर हात वाचावा म्हणून. पेस्ट्रीच्या काट्याचा डावीकडचा दाता इतरांहून रुंद असतो आणि त्याची कड कापण्यापुरती पातळ केलेली असते. एका हातात बशी आणि दुसऱ्या हातात काटा असताना केक त्याच दात्याने कापायचा. ही सोय उजव्या हाताने खाणाऱ्यांची. डावखुऱ्याच्या हातात तो रुंद दाता नको त्या बाजूला येतो, म्हणून डावखुऱ्यांसाठी उलट घडणीचे काटेही बनतात.

कापणारा काटा ही कल्पना पेस्ट्रीच्या पलीकडेही उपयोगी पडली. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने 1797 साली तेनेरिफच्या लढाईत उजवा हात गमावला. त्यानंतर त्याच्यासाठी सुरी आणि काटा एकत्र असलेलं साधन बनवण्यात आलं. एका हाताने जेवणाऱ्यांसाठी अशी साधनं आजही मिळतात. संधिवाताच्या रुग्णांसाठी दांडा जाड, मऊ आवरणाचा करतात, कारण दुखऱ्या बोटांना बारीक दांडा आवळून धरता येत नाही. पक्षाघातानंतर मनगट वळत नसेल, तर मान हवी तशी वाकवता येणारे काटे असतात.

आपल्याकडच्या हॉटेलांनी या सगळ्या पसाऱ्यावर आपला तोडगा काढला. कुठल्याही हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या तोंडी ‘एपी फोर्क’ असतो. एपी म्हणजे ऑल पर्पज, सगळ्या कामांचा. सूपनंतरच्या बहुतेक पदार्थांना हाच काटा, त्याच्या जोडीला एपी स्पून आणि एपी नाइफ. गोडासाठी तेवढा लहान डेझर्ट फोर्क. टेबल मांडताना काटा पाहुण्याच्या डाव्या हाताला, आणि तो उचलायचा तो नेहमी मानेपाशी किंवा दांड्याला धरून. दात्यांना बोट लागलं, की तो काटा परत धुवायला जातो.

धातूची परीक्षा

स्टेनलेस स्टील येण्याआधी मुख्य पर्याय दोन होते. लोखंडी दात्यांचा काटा गंजायचा आणि लिंबू, व्हिनेगर लागलं की पदार्थाला धातूची चव यायची. चांदीचा काटा गंजत नसे, पण अंड्यातल्या गंधकाने काळा पडे. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअरली यांनी क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद बनवलं, आणि कटलरीच्या धंद्याचं रूपच पालटलं. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर अतिशय पातळ थर बसतो. तो ओरखडला तरी पुन्हा तयार होतो आणि आतल्या लोखंडाला राखतो.

काट्यांच्या खोक्यावर 18/10, 18/8 किंवा 18/0 असे आकडे असतात. पहिला आकडा क्रोमियमची टक्केवारी, दुसरा निकेलची. निकेल जास्त असलं तर चमक टिकते आणि गंज आणखी लांब राहतो. निकेल नसलेल्या 18/0 ला लोहचुंबक घट्ट चिकटतं, 18/8 आणि 18/10 ला ते जवळजवळ चिकटत नाही. मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवले, तर स्वस्त काट्यांवर तांबूस ठिपके उठतात, आणि तेही बहुधा फटीत आणि मुळाशी, जिथे पॉलिश कमी झालेलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी काटे घ्यायला दुकानात गेलात, तर नक्षीला भुलू नका. दुकानदाराला खोकं उघडायला लावा आणि एक काटा हातात घ्या. टोकं पेरावर अलगद फिरवा. नख फटीच्या आत घालून वर-खाली करा, ते अडलं तर काटा परत ठेवा. मूळ उजेडाकडे धरा आणि ते गोल आहे की चौकोनी ते पाहा. चारही दाते सारख्या अंतरावर आहेत का, ते समोरून डोळ्यांच्या रेषेत धरून तपासा. बाजूने पाहून मान दात्यांपेक्षा जाड आहे याची खात्री करा, आणि दोन्ही अंगठ्यांनी तिच्यावर हलका दाब द्या. खिशात लहान लोहचुंबक असेल तर तेही लावून पाहा. या तपासणीला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि तिच्यात उतरलेला काटा तुमच्या घरात सहज वीस वर्षं टिकेल.